हलवली की नक्कल केली?

तुबाच्या डोक्यात बसवलेलं यंत्र अजून धड आहे. कानावर लावायचं बाहेरचं यंत्र फुटलं, म्हणून ती बहिरी. पोट्टी सात वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं, मग ऐकायला लागली, बोलायला लागली. गेल्या महिन्यात शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या क्रेटवरून पडली आणि यंत्राचे दोन तुकडे झाले.

कंपनी म्हणते, ते मॉडेल बंद. नवं घ्या. नवं डोक्यातल्या जुन्याशी जुळत नाही, म्हणजे लेकराचं डोकं पुन्हा उघडा. असं बोलायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही.

तुबाची आई शाहीन हार मानणारी नाही. तिने फिरून फिरून तेच जुनं मॉडेल मिळवलं. ज्या लेकराचं होतं, ते वारलं होतं. पण हे यंत्र नुसतं लावून चालत नाही. प्रत्येकाच्या कानाचं माप वेगळं. तुबाचं माप अकोल्याच्या श्रवण केंद्रातल्या प्रोग्रॅममध्ये होतं, आणि ते केंद्र बंद पडत होतं. सगळं सामान ते चालवणाऱ्या संस्थेच्या अमरावतीच्या केंद्रात जाणार होतं.

माझं अकोटात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संस्थेने मला बोलावलं. प्रोग्रॅम इतका जुना की तो आजच्या विंडोजवर चालत नाही. म्हणून कोणीतरी कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर करून ठेवला होता. वर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. असते फाईलच, पण गाडीला चेसिस नंबर असतो तसे तिचे स्वतःचे नंबर असतात. कंपनीची परवानगी त्या नंबरांना बांधलेली. नंबर बदलला की प्रोग्रॅम ओळख देत नाही.

अकोल्यातली डिस्क मान टाकायलाच आली होती. मी मशीन पोर्टेबल डिस्कवर उतरवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी जुना कॉम्प्युटर चालूच झाला नाही. म्हणजे जे काही होतं ते माझ्या पिशवीत. ती पिशवी मांडीवर धरून मी अमरावतीला आलो.

केंद्राचा कारभार केशवराव बघतात. मोर्शीच्या तहसिलीत रेकॉर्ड रूम सांभाळून रिटायर झालेले. कानाचं माप बसवणारी प्रतीक्षा वायर जोडून तयार होती. शाहीन तुबाला मांडीवर घेऊन बसलेली. दुसऱ्या डिस्कवर आधी एक प्रत काढून ठेवायला पाहिजे होती. दीड तास लागला असता. लेकरू समोर बसलेलं पाहून मी सरळ उघडली.

पडद्यावर प्रश्न आला : ही मशीन तुम्ही हलवली, की हिची नक्कल केली?

"काय इचारून राह्यलं ते?" केशवरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

मी सांगितलं.

"मंग नक्कल सांग ना! तू नक्कलच केली ना अकोल्याले?"

"केली तर नक्कलच, काकाजी. पण हे..."

"पण बिन काही नाई. बत्तीस वर्षं काढले म्या. अस्सल कागद रेकॉर्ड रूमच्या भायेर जात नसते. भायेर जाते ते नक्कल, अन् तिच्यावर नक्कल म्हनून लिवाच लागते. न लिवनाऱ्याची नोकरी गेलेली पायली हाय."

"भाई, जल्दी करो ना," शाहीन म्हणाली.

कोणतं दाबायचं, मला माहीत होतं का? अर्धवट माहीत होतं, आणि अर्धवटच वाईट असतं. मी 'नक्कल' दाबलं.

मशीन झकास चालू झाली. प्रोग्रॅम उघडला. मग लाल चौकट आली : हा संगणक ओळखीचा नाही, परवानगी रद्द.

नक्कल म्हटल्यावर मशीनने स्वतःला नवे नंबर लावून घेतले होते. मशीनच्या जुन्या नोंदींच्या फाईलमध्ये आधीचे नंबर सापडले. एकेक अक्षर पडताळून मी ते परत टाकले. ओळख जशीच्या तशी झाली. पण तोपर्यंत प्रोग्रॅमने आपली परवानगी खरवडून टाकली होती, आणि मापाची फाईल त्याच कुलपात.

प्रतीक्षाने कंपनीला फोन लावला. स्पीकरवर गोड आवाज : "मैडम, वो प्रोडक्ट बंद हो चुका है. दोबारा परमिशन नहीं मिलती. अपग्रेड के लिए..."

"अपग्रेड तुझ्या बापाच्या डोस्क्यात कर!" केशवराव ओरडले. फोन कटला.

प्रतीक्षाने नागपूरपासून मुंबईपर्यंत सात केंद्रांना विचारलं. सगळ्यांनी तो जुना प्रोग्रॅम केव्हाच काढून टाकलेला.

"म्या लबाड बोलाले पायजे होतं का रे?" केशवराव मला विचारत होते.

"लबाडी नव्हती, काकाजी. अकोल्याची मेली. ही एकच उरली होती. हलवलीच होती आपण."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शाहीनने विचारलं, "बटन किसने दबाया?"

"मी," मी म्हणालो. "मैंने."

तिने शिवी द्यायला पाहिजे होती. दिली नाही. तुबाने मेलेल्या लेकराचं ते यंत्र कानाला लावून पाहिलं, काढलं, पुन्हा लावलं, आणि आईच्या तोंडाकडे बघत बसली. ऑपरेशन झाल्यापासून केंद्रातल्या बाया शाहीनला दम देत आल्या होत्या, की लेकरासमोर हातवारे करायचे नाहीत, हात बोलले की जीभ शिकत नाही. तिने तीन वर्षं हात आवरले होते. आता प्रतीक्षाच्या देखत तिने दोन्ही हात वर उचलले आणि बोटांनी घराचं छप्पर करून दाखवलं. चल.

प्रतीक्षाने जोडलेली वायर काढून गुंडाळायला घेतली.