डब्याचा आवाज

माझ्या दिराला कान आहेत, असं तो स्वतःच सांगतो. आम्हा बाकीच्यांना म्हणे नुसती भोकं. दिवसभर विमा कंपनीत खुर्ची उबवायची आणि संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. त्याच्याकडे परदेशातून मागवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प आहे. ॲम्प म्हणजे काय, तर गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. आत थोडी वायरींची गुंतागुंत आणि एक स्पीकर. पण असं त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. त्याच्या मते त्या पेटीत आत्मा आहे. वीस वर्षं मी असल्या पेट्या दुरुस्त करते. माझ्या दुकानात रोज दोन-तीन तरी येतात, स्वस्तातल्या आणि महागातल्या. आत्मा काही मला सापडला नाही. झुरळं सापडली, आणि महाग पेटीतली झुरळंसुद्धा अगदी चारचौघांसारखीच दिसतात.

त्या पेटीचे लाड बघाल तर हसाल. तिच्यातले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या, तापायला पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ खोलीत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. तिला मखमलीचं कव्हर. जावेने एकदा तिच्यावर चहाचा कप ठेवला, तर स्वारी दोन दिवस बायकोशी बोलली नाही. बरं, वाजवतो कसा? बरा वाजवतो. बरा म्हणजे बराच, त्यापुढे काही नाही.

माझी लेक मात्र छान वाजवते. आई म्हणून सांगत नाही, दुकानात येणाऱ्या दहा वादकांना विचारा. तिचा ॲम्प साधा, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतात त्यातला. एकोणिसाव्या वाढदिवसाला मीच आणला. दोन वर्षं ती रोज सकाळी कॉलेजआधी तासभर त्यावर घासते आहे, आणि दोन वर्षं मी तिला सांगते आहे की याचा आवाज कुठल्याही भारी ॲम्पच्या तोडीचा आहे, लोकांच्या नादी लागू नकोस.

तर झालं असं, की दिराच्या बँडमधला दुसरा गिटारवाला नोकरीसाठी परगावी गेला. महिन्यावर मोठ्या सभागृहातला कार्यक्रम आलेला. लेकीला त्यांची सगळी गाणी पाठ. कित्येक वर्षं ती त्यांच्या तालमीला कोपऱ्यात बसून ऐकत आली होती, आणि त्या जागेसाठी तिचा जीव किती टांगणीला लागलाय हे घरात सगळ्यांना दिसत होतं. शेवटी तिने धीर करून काकाला विचारलं. काकाने तिचं वाजवणं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "बोटं चांगली आहेत गं तुझी. पण स्टेजवर माझ्या शेजारी हा डबा नको. चांगला ॲम्प घे, मग बघू."

डबा! पोरीने आठवडाभर गिटारला हात लावला नाही. सकाळचा तो तास घर नुसतं गप्प. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावाला दोन शब्द सांगा. ते म्हणाले, मला यात ओढू नकोस. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

मी तडक दिराकडे गेले. म्हटलं, तुम्हाला एवढे कान आहेत ना, मग परीक्षा घेऊ. तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावू, पडद्यामागे दोन्ही ॲम्प ठेवू. लेक दोन्हींवर तेच वाजवेल. महागाचा कुठला ते तुम्ही ओळखून दाखवायचं. ओळखलंत तर मी गप्प बसेन, नाही ओळखलंत तर पोरीला बँडमध्ये घ्यायचं, आहे त्या डब्यासकट. दीर हसला. भाबड्या माणसाकडे बघून हसावं तसं. म्हणाला, "वहिनी, कशाला पोरीचा विरस करता?" पण कबूल झाला. असली माणसं परीक्षेला कधी नाही म्हणत नाहीत, कारण नापास होण्याची कल्पनाच त्यांना शिवत नाही.

आता खरं ते सांगते. रविवारी परीक्षा होती, त्याआधी गुरुवारी मी एक उद्योग केला. लेक कॉलेजला गेल्यावर तिचा ॲम्प दुकानात नेला, पाठीमागची फळी काढली आणि आतला स्पीकर बदलला. माझ्याकडे भंगारात निघालेल्या एका महागड्या ॲम्पचा स्पीकर पडून होता, मागे हे एवढं जाड लोहचुंबक. स्पीकर बदलला की पेटीचा निम्मा आवाज तिथेच बदलतो, आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा मूळचा, बारक्या चुंबकाचा स्पीकर जुन्या टॉवेलात गुंडाळून टेबलाखाली सरकवला आणि ती यायच्या आत ॲम्प घरी जागच्या जागी ठेवला. मनाला जराही टोचलं नाही. समोरचा काही न्यायाधीश नव्हता, माझा दीर होता.

रविवारी ऐकायला तिघं बसले. दीर, त्याच्या बँडमधला बेस वाजवणारा दातांचा डॉक्टर आणि ड्रमवाला. डॉक्टरांनी डोळे मिटूनच घेतले. डोळे मिटले की कान जास्त उघडतात अशी यांची समजूत. मी पडद्याच्या कडेला, वायर बदलायला. दोन्ही ॲम्पचा आवाज मी मीटर लावून एकसारखा केला, कारण जो जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, मग तो कितीही फालतू का असेना. लेक पडद्यामागे स्टुलावर बसली. चेहरा पांढरा पडला होता, पण बोटं ठाम होती.

पहिल्यांदा दिराचा ॲम्प वाजला. मग मी वायर काढून लेकीच्या ॲम्पला लावली. तेच गाणं, तीच बोटं. आणि काय सांगू, मोठ्या चुंबकाचा तो भरदार खर्ज मला स्पष्ट ऐकू आला. माझी छाती फुगली. मनात म्हटलं, हा आहे माझ्या हातचा गुण. तीन वेळा आलटून पालटून वाजवलं, तिन्ही वेळा मला तोच फरक जाणवला.

चिठ्ठ्या लिहायची वेळ आली. दिराने न लिहिताच बोलायला सुरुवात केली. दुसरा महागाचा, म्हणाला. त्यातली ऊब ऐका, ती स्वस्तातल्या डब्यातून सात जन्मांत निघणार नाही. डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यांनीच दुजोरा दिला. ड्रमवाला बिचारा म्हणाला, मला दोन्ही सारखेच वाटले. त्याच्याकडे दोघांनी असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

मी पडदा बाजूला ओढला. दिराच्या तोंडाचा जो काही चंबू झाला, तो बघायला मी आणखी वीस वर्षं पेट्या उघडायला तयार आहे. आधी म्हणाला वायर चुकली. मग म्हणाला हॉलला घुमारा आहे. मग म्हणाला आज आपल्या व्हॉल्व्हना नीट ऊब आली नव्हती. शेवटी ड्रमवाल्यानेच विषय संपवला, पोरीला घ्या म्हणाला. दिराला शब्द पाळावा लागला. येत्या तालमीपासून ये, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला.

आम्ही मायलेकी ॲम्प घेऊन हॉलच्या पायऱ्यांवर गाडीची वाट बघत बसलो. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता. दिराची नक्कल करून दाखवली, डॉक्टरांचे मिटलेले डोळे करून दाखवले. लेक हसली नाही. म्हणाली, "आई, आत जुनाच स्पीकर आहे."

मला आधी कळलंच नाही. मग तिने शांतपणे सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी तिने ॲम्प उचलला तेव्हा तो जड लागला. रोज तीच उचलते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, मग वजन कळणार नाही का? तिने मागची फळी काढून बघितली. शुक्रवारी मी वायर आणायला बाहेर गेले तेव्हा ॲम्प दुकानात आणून टेबलाखालचा टॉवेल शोधून काढला, आपला स्पीकर परत बसवला आणि माझा त्या टॉवेलात गुंडाळून ठेवला.

मी तर टाळीच वाजवली. म्हणजे डबा स्वतःच्या हिमतीवर जिंकला! मी उठलेच, आत जाऊन हे दिराला सांगायला. लेकीने माझा हात धरून खाली बसवलं.

"दोन वर्षं मला सांगतेस, चांगला वाजतो म्हणून," ती म्हणाली. "मग बदललास कशाला?"

तुला ती जागा मिळावी म्हणून, मी म्हटलं. हवी होती ना तुला. कोणाच्या आईने केलं नसतं?

"काकाने निदान तोंडावर सांगितलं."

पोर रडत असती तर जवळ घेतलं असतं, पण ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

मग तिने विचारलं, "आज मी वाजवत होते तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले.

"चुंबक," मी म्हटलं.

तिने मान हलवली. गाडी आल्यावर मी ॲम्प उचलायला वाकले, तर म्हणाली राहू दे, आणि स्वतःच उचलून आत ठेवला.