मधल्या खोलीतलं धुराडं

ईरप्पा गवंड्यानं धुराड्याच्या तोंडावरची पहिली वीट सैल केली, तेव्हा आतून दोन पाकोळ्या भर्रकन उडाल्या आणि त्याच्या कानाजवळून गिरणीच्या दिशेनं निघून गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत तो छपरावर उकिडवा बसून बघत राहिला. फाल्गुनाचं ऊन होतं. कुठून तरी उडत आलेला कापूस हवेत तरंगत होता, आणि खाली सगळं सोलापूर डुलक्या घेत असल्यासारखं वाटत होतं.

बंगला गिरणीतल्या कुणा साहेबानं बांधलेला. वैशाखात जिथे भिंतीला लावून पापड भाजावा, त्या गावात ह्या बाबानं मधल्या खोलीत शेकोटी बांधून घेतली! भिंतीतून हातभर पुढे आलेलं विटांचं पोट, खाली माणूस वाकून बसेल एवढा कोनाडा, आणि वर छपरातून बाहेर निघालेलं धुराडं. साहेब विलायतेला गेला आणि बंगला सुताचे व्यापारी शिवशरण ह्यांनी घेतला. आता त्यांना ते पोट पाडून भिंत सरळ करायची होती. त्यांची बायको नीलव्वा मात्र हात लावू देत नव्हती. आधीचे दोन गवंडी तिनं दारातूनच परत पाठवले होते.

“तू वरून सुरू कर,” शिवशरण ईरप्पाला म्हणाले होते. “खाली येईपर्यंत मी तिची समजूत घालतो.”

तसंही हे काम वरूनच करायचं असतं. खालचं पोट आधी फोडलं तर वरचा सगळा भार डोक्यावर येतो. बाईच्या हट्टाचं कारण ईरप्पानं विचारलं नाही. लोकांच्या भिंती पाडाव्यात, भानगडीत पडू नये, असं त्याचं मत होतं.

दुपारचा भोंगा झाला आणि मागे नुसती शांतता उरली. धुराड्यातून गार हवा वर येत होती. तिला पुसलेल्या फरशीचा ओला वास होता. ईरप्पाला गुंगी आली. त्या गुंगीतच आवाज आला, खोल, विहिरीतून यावा तसा.

“जेवलास का रे?”

ह्या मुलखात हा प्रश्न म्हणजे रामराम. कुणीही कुणालाही विचारावं, आणि ज्याला विचारलं त्यानं, पोटात कावळे ओरडत असले तरी, जेवलो म्हणावं. नाही म्हटलं तर मागितल्यासारखं होतं. ईरप्पाच्या भाकरीचं गाठोडं खाली ओट्यावर राहिलं होतं आणि शिडी उतरायचा कंटाळा म्हणून तो उपाशीच होता. पण साठ वर्षांची जीभ आपसूक वळली. घरधनीण कुठलीही असो, तो तिला अव्वाच म्हणे. अव्वा म्हणजे आई.

“जेवलो की, अव्वा.”

खाली बांगड्या वाजल्या, एकदाच. तो पुन्हा विटा काढू लागला.

ऊन कलल्यावर तो खाली उतरला, तर शिवशरण अंगणात उभे होते.

“काय सांगितलंस रे तिला?”

“मी? काय न्हाय बा, मालक.”

“उद्या पाडा म्हणते. आपणहून. दोन वर्षं ऐकत नव्हती.” ते पायरीवर बसले. हातातली टोपी फिरवत बोलू लागले. “आमचा चन्नू रुसला की त्या कोनाड्यात जाऊन बसायचा. सहा वर्षांचा होता. त्या दिवशी ही त्याला रागावली, तर जेवलाच नाही. हीपण इरेला पेटली, म्हणाली, भूक लागली की येईल. झोपायच्या वेळेला ताप भरला. मग दोन दिवस घशाखाली घोट उतरला नाही, आणि गेला. पोर उपाशी गेलं, हे हिच्या मनातून जात नाही. रोज दुपारी तिथं वाकते, वर तोंड करते आणि विचारते...”

काय विचारते, ते ईरप्पाला सांगायची गरज नव्हती.

“तोही अव्वाच म्हणायचा,” शिवशरण म्हणाले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी घरी ईरप्पापुढे ताट आलं, पण घास तोंडाशी जाईना. साधं रीतीचं खोटं, जन्मात हजारदा बोललेलं. ते भलत्याच दारी जाऊन पोचलं होतं. सांगावं तर बाई पुन्हा त्या कोनाड्यात वाकणार. न सांगावं तर लेकराच्या भुकेवर आपण गिलावा मारून मोकळे झालो. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी तो मधल्या खोलीत शिरला. खोली झाडून घेतलेली होती. कोनाड्यात दुधाचे थेंब शिंपडले होते, चूल मोडताना शिंपडतात तसे. नीलव्वा बाजूला उभी होती.

“पाड,” ती म्हणाली.

ईरप्पानं पहार उचलली आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

“अव्वा, काल मी जेवलो नव्हतो.”

“ठाव हाय मला. तुजा आवाज आल्यावर भायेर आले. गाठोडं वट्यावर तसंच. मुंग्या लागलेल्या.” ती खाली बघत बोलत होती. “जेवायला हाक मारायची लाज वाटली.”

“मंग पाडा का म्हनलीस?”

“दोन वर्सं वर बगून इचारते. आन काल माज्याच छपरावर जिता मानूस उपाशी बसलेला...” तिनं कोनाड्यापुढची जागा दाखवली. “बस. हितंच बस.”

तिनं फडताळातून एक लहानशी पितळी ताटली काढली. घासून लख्ख ठेवलेली होती. तीत तिनं ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. भाकरी ताटलीत मावेना, कडेनं बाहेर आली. ती कुणाची ताटली ते ईरप्पानं ओळखलं आणि मुकाट्यानं खाऊ लागला. वर तोंड मोडलेल्या धुराड्यातून उजेडाचा एक तुकडा कोनाड्यात उतरला होता, आणि त्यातून कापसाचा एक पिंजका अगदी सावकाश खाली येत होता. दोघंही त्याच्याकडे बघत होती.

भाकरी संपली.

“जेवलास का रे?” नीलव्वानं विचारलं.

सवयीनं त्याच्या जिभेवर तेच आलं. त्यानं ते गिळलं.

“न्हाय अजून. आर्दी भाकर वाड की, अव्वा.”

नीलव्वा उठली, इतक्या लगबगीनं की पदर कोनाड्याच्या विटेत अडकला. तिकडे न बघताच तिनं तो सोडवून घेतला आणि भाकरी आणायला गेली.