त्र्यंबकरावांची रांग

त्र्यंबकराव देवस्थळींनी टेबलाटेबलावरून प्रश्नांची कार्डं गोळा केली आणि त्यांना रबरबँड लावला. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या रिपब्लिकन लंच क्लबात गेली अठरा वर्षं हे काम त्यांचंच. पाहुण्याच्या भाषणाआधी सभासदांनी कार्डावर प्रश्न लिहायचे आणि भाषणानंतर त्र्यंबकरावांनी ते माइकवरून वाचायचे. प्रश्न फक्त सभासदांचे. हा नियम त्यांनीच आग्रहाने करून घेतला होता.

शेवटचं कार्ड अनयाने पुढे केलं.

"आजोबा, हे पण."

"तू गेस्ट आहेस ना, बाळा. गेस्टचं वाचत नाहीत."

"पण तुम्ही म्हणाला होतात, सेनेटरशी भेट होईल. आता त्यांचा असिस्टंट म्हणतो, ही हॅज अ फ्लाइट."

त्र्यंबकरावांनी कार्ड घेतलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं.

अनया ही दोन घरं पलीकडे राहणाऱ्या यतीनची मुलगी. चार वर्षांची असताना बापाच्या वर्क व्हिसाच्या आधाराने इथे आली. यतीनचा ग्रीन कार्डचा अर्ज बारा वर्षं रांगेत पडून होता. येत्या मार्चमध्ये अनयाला एकवीस पूर्ण होणार आणि त्या दिवशी बापाच्या अर्जातून तिचं नाव गळणार. पुढे या देशात राहायचं, तर तिचं तिने बघायचं. मागच्या रविवारी यतीन आणि त्याची बायको सुवर्णा घरी आले होते. "काका, तिथे तुमच्या शब्दाला वजन आहे," यतीन म्हणाला, आणि म्हातारा फुगला. "सेनेटर हॅलोरन माझा मित्रच रे. पाच मिनिटं भेट घालून देतो." मित्र कसला! त्यांच्या लॉनवर हॅलोरनच्या प्रचाराची पाटी होती आणि दोनदा हस्तांदोलन झालं होतं, एवढीच काय ती मैत्री.

वेन हॅलोरन बोलायला उभे राहिले. राज्याचे सेनेटर, आता वॉशिंग्टनला जाण्याच्या निवडणुकीत उतरलेले. माणूस गोड बोलत होता. कर झाले, शाळा झाल्या, मग गाडी सरहद्दीवर आली.

"या देशाने येणाऱ्याला कधी नाही म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त एवढंच म्हटलं, की रांगेत या. जसा आपला टिम आला."

टाळ्या पडल्या. टिम म्हणजे त्र्यंबकराव. ते सवयीप्रमाणे अर्धवट उठले, हात जोडले आणि बसता बसता त्यांची नजर अनयाकडे गेली. तीही टाळ्या वाजवत होती. अगदी मनापासून. ते त्यांना फार लागलं.

कारण ही रांग त्यांची नव्हती. क्लबात पहिल्यांदा आले तेव्हा ते नुसतं म्हणाले होते, "आम्ही कायद्याने आलो, रांगेत उभं राहून." लोकांना ते आवडलं. पुढच्या वर्षी हॅरिएट नावाच्या जुन्या सभासद बाईंनी कुणाशी तरी त्यांची ओळख करून देताना "हा दहा वर्षं थांबला" असं सांगितलं, आणि त्र्यंबकरावांनी ते दुरुस्त केलं नाही. तेव्हापासून ती दहा वर्षं त्यांच्या नावाला चिकटली. बायको होती तोवर घरी गेल्यावर चिडवायची, "काय, आज किती वर्षं झाली?" आता चिडवणारंही कुणी उरलं नव्हतं.

भाषण संपलं. त्र्यंबकराव माइकपाशी गेले. त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं हातात घेतलं, ते बाजूला ठेवलं आणि तळातलं ओढून काढलं.

"माझे वडील बारा वर्षं रांगेत आहेत," त्यांनी वाचलं. "मार्चमध्ये मी एकवीस वर्षांची होईन, म्हणून मला त्या रांगेतून काढतील. मी चार वर्षांची असल्यापासून इथे आहे. आता मी कुठे उभी राहू?"

हॅलोरन हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता.

"प्रश्न अवघड आहे. पण धीर धरावाच लागतो. माझं राहू द्या, टिमलाच विचारा. टिम, तू किती थांबलास? सांग यांना."

क्लबाचे अध्यक्ष डेल टाळीसाठी हात उचलून तयारच होते. 'पुष्कळ' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जेवण पार पडलं असतं, पुढच्या महिन्यात पुन्हा कार्डं गोळा करता आली असती. पंच्याहत्तरीच्या माणसाला या गावात आणखी कुठे कोण नावाने हाक मारत होतं?

"अकरा महिने," त्र्यंबकराव म्हणाले.

"किती?" हॅलोरननी विचारलं.

"अकरा महिने. शहात्तर साली. मला रांग दिसलीसुद्धा नाही. तुम्ही दहा वर्षं म्हणत राहिलात आणि मी ऐकत राहिलो. मला ते आवडत होतं." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "आणि हा प्रश्न सभासदाचा नाही. नियम मोडलाय मी."

कुणीच टाळी वाजवली नाही. हॅलोरननी घड्याळ पाहिलं, "टिमचा हा प्रामाणिकपणाच मला आवडतो," असं म्हणून सगळ्यांचे आभार मानले आणि विमानाची वेळ झाली म्हणून ते निघाले. डेलनी माइक आपल्याकडे घेतला. त्र्यंबकरावांकडे न बघता त्यांनी पुढच्या महिन्याचा पाहुणा जाहीर केला.

त्र्यंबकराव टेबलापाशी परत आले. त्यांना शरम वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. अनया मान खाली घालून नॅपकिनची घडी घालत बसली होती. समोर हॅरिएट होत्या, तीच ती दहा वर्षंवाली बाई. त्यांनी त्र्यंबकरावांकडे एकदा रोखून पाहिलं. आपली खुर्ची ओढून त्या अनयाच्या शेजारी येऊन बसल्या.

"मग मार्चनंतर तुला कुठे पाठवणार?" त्यांनी विचारलं.

"होम, आय गेस," अनया म्हणाली. "पुणे. मी दोनदा गेलेय तिथे. व्हेकेशनला."