पान चारशे बारा

म्हातारीला लागायचं पवित्र तेल शेवटी पुस्तकाला लागलं.

असं काही झालेलंच नाही. निदान फादरांचं तसं म्हणणं आहे, आणि फादर धर्मशास्त्राचे डॉक्टर असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू. तेल बाटलीत आहे, बाटली टेबलावर आहे, म्हातारी जिवंत आहे आणि मंगळवारचे सकाळचे नऊ वाजलेत.

म्हातारी म्हणजे फादरांच्या स्वयंपाकीणबाईची आई. चाळीस वर्षं तिनं चर्चमधल्या वेदीवरची वस्त्रं धुतली. कापडावर मेण सांडलं की वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मेण मुकाट्यानं कागदात जायचं. आता तिला एकच गोष्ट हवी होती. डोळे मिटायच्या आत धर्मगुरूनं कपाळाला आणि तळव्यांना तेल लावून प्रार्थना म्हणावी, एवढंच. पाच मिनिटांचं काम.

फादर सतरा वर्षं एक ग्रंथ लिहीत होते. विषय: मेंढपाळाने आपल्या कळपाजवळ असण्याचे महत्त्व. त्यासाठी एकांत लागत असल्यामुळे खोलीच्या दारावर पाटी होती: 'लेखन चालू आहे. मरणासन्न असल्यास घंटा एकदाच वाजवावी.' रविवारच्या प्रवचनातही ते मध्येच थांबून "तळटीप अठरा" असं म्हणत आणि ती वाचून दाखवत. लोक त्यांना मागे 'तळटीप' म्हणायचे. पुढूनही म्हटलं असतं तरी चाललं असतं, फादरांनी मान वर करून कुणाकडे बघितलंच नव्हतं.

स्वयंपाकीणबाई चहा घेऊन आत गेली.

"फादर, आई जाते आता. डॉक्टर म्हणाले, फार तर दुपार काढेल."

"जाते म्हणजे नेमकं काय, बाई?"

"वर."

"हा 'वर' शब्द फार फसवा आहे."

"घर बेकरीच्या मागे आहे, फादर. नुसता रस्ता ओलांडायचा."

"अंतर!" फादरांचा चेहरा उजळला. "माझं नववं प्रकरण त्यावरच आहे. जवळ असणं हे पायांनी मोजायचं नसतं." आणि त्यांनी हे लगेच लिहून घेतलं. चहा गार झाला. तो त्यांनी बदलून मागितला.

अकराला ती घरी गेली तेव्हा म्हातारी उशीला टेकून दाराकडे बघत होती.

"आला का गं तो?"

"लिहितायत."

"काय लिहितोय?"

"मेंढपाळानं मेंढरांजवळ असावं, असं."

म्हातारी हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "सतरा वर्षं? मेंढरं मटणाला गेली असतील की एव्हाना. याच्याआधीच्या फादरांचे कपडे धुवायला यायचे ते कॉलर घामानं काळी, गुडघ्याला चिखल. ह्याच्या झग्यावर आजवर फक्त शाई. जा बये, परत एकदा सांग. मी थांबते. मला काय घाई आहे?"

घाई होती. दोघींनाही दिसत होती.

दोन वाजता स्वयंपाकीणबाईनं घंटा एकदा वाजवली. मग अकरा वेळा वाजवली.

"पाटी वाचता येत नाही का?" फादर आतून ओरडले.

ती आत शिरली. "फादर, एक विचारू? तुम्ही कुणाला तेल लावलंय का हो कधी?"

"सहावं प्रकरण पूर्ण त्यावरच आहे! एकशे चाळीस पानं!"

"माणसाला, फादर."

फादर तावातावानं उठले. सतरा वर्षांत पहिल्यांदाच ते कुणासाठी एवढ्या झपाट्यानं उठले असतील, त्यामुळे सवय नव्हती. झग्याची बाही बाटलीला अडकली. बाटली टेबलावर होती कारण कागद वाऱ्यानं उडायचे आणि तीच हाताशी होती. बूच सैल होतं कारण सहाव्या प्रकरणासाठी त्यांनी तेलाचा वास घेऊन तो लिहिला होता. तेल गेलं ते थेट हस्तलिखितावर, शेवटच्या थेंबापर्यंत.

फादर किंचाळले. रुमालानं एकेक पान टिपायला लागले, कपाळं पुसावीत तसे. पुस्तकावर रीतसर शेवटचा संस्कार चालू होता.

"नवं तेल कधी मिळेल?"

"बिशप वर्षातून एकदाच देतात."

"मग माझ्या स्वयंपाकघरातलं घ्या. त्याला आशीर्वाद द्या. चालतं का?"

फादरांचा हात थबकला. "फार चांगला प्रश्न आहे. अडचणीच्या वेळी चालतं की नाही, यावर मी सविस्तर लिहिलंय. पान चारशे बारा."

दोघांनी चारशे बारा शोधलं. ते तेलानं चिंब होतं आणि शाई फुटून त्याचं ढगाळ आभाळ झालं होतं.

"आठवत नाही का?"

"संदर्भ न पाहता बोलणं बेजबाबदारपणाचं ठरेल, बाई."

बाईनं पान उचललं, घडी केली आणि निघून गेली. फादर तेव्हा चारशे तेरा वाळवत होते.

म्हातारीनं पान बघितलं. "काय लिहिलंय?"

"काही कळत नाही."

"मग त्याचंच. दे लाव. आधी तळव्यांत धरून गरम कर. कागद प्यायलेलं परत देतो, पण ऊब द्यावी लागते."

लेकीनं पान हातात गरम केलं, आईच्या कपाळाला दाबलं, मग दोन्ही तळव्यांना. प्रार्थना अर्धीच येत होती, ती दोनदा म्हटली. सव्वातीनला म्हातारी गेली. कपाळावर कसलीशी तळटीप उलटी उमटली होती. पान तिच्या हातात तसंच ठेवून तिला पुरलं.

दफनाच्या वेळी फादर जवळ असण्याच्या महत्त्वावर पस्तीस मिनिटं बोलले. पुरेपर्यंत पान त्यांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी पानं मोजताना चारशे अकरानंतर एकदम चारशे तेरा आलं. बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "आईच्या हातात आहे."

त्यांनी दफनभूमी समितीच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. अध्यक्ष तेच असल्यामुळे शिफारस त्याच दिवशी झाली. पण मृताच्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते, हा नियमही त्यांनीच केलेला होता. सकाळी अर्ज स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला, शेजारी पेन ठेवून. बाईनं तो दोनदा वाचला आणि त्यावर चहाचं गरम पातेलं टेकवलं. काळ्या गोल डागाखालचा मजकूर आजही वाचता येतो:

'सदर प्रसंगी कोणताही संस्कार झालेला नसून केवळ लेखनसामग्री गहाळ झालेली आहे. तरी संबंधित कबर कार्यालयीन वेळेत उघडून पृष्ठ क्रमांक ४१२ मूळ लेखकास शक्यतो न चुरगळता परत करण्यात यावे, व मृताने ते स्वतः वाचले असल्यास तिचा लेखी अभिप्राय सोबत जोडावा, ही नम्र विनंती.'