गुरुवारचे डॉक्टर

शोधयंत्रात कोणी काही शोधले की निकालांची यादी उमटते: वर निळे शीर्षक, खाली दोन ओळींचे वर्णन. ती शीर्षके आणि त्या ओळी लिहिणे हे माझे काम. शीर्षक साठ अक्षरांत, वर्णन दीडशेत. लांबले की यंत्र मध्येच तोडते. तोंडावर चार शब्द बोलता न येणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम मानवेल असे वाटले होते. पुष्कळ दिवस मानवलेही.

मग एका शुश्रूषागृहाच्या संकेतस्थळाचे पान माझ्याकडे आले. मी ते ठिकाण पाहून आलो. लांबट खोली, चौदा खाटा, फिनेलला न जुमानणारा लघवीचा वास. प्रत्येक खाटेशेजारच्या घंटेची वायर कापून भिंतीला चिकटवलेली.

“सारखी वाजवतात हो,” परिचारिका म्हणाली. “डॉक्टर गुरुवारी येतात, तेव्हा सांगावं काय ते.”

परतून मी लिहिले, ‘अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल. डॉक्टर दर गुरुवारी.’ आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे कात्री म्हणतात. कात्रींनी ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“दुश्मनाला ठेवायची जागा शोधणारा येईल हे वाचून. दुसरं कोण येणार?”

“पण तिथे तसंच आहे, सर.”

“असू दे ना. तू दारापर्यंत आण, पुढचं त्यांचं ते बघतील. जरा माया दिसू दे.”

मी माया दाखवली. ‘रात्रीही हाक मारा, कोणीतरी असतेच. चोवीस तास डॉक्टर.’ यातले पहिले वाक्य माझ्या काकूचे. आईवडिलांमागे मला आणि ताईला तिने वाढवले. दिवा मालवून दाराशी क्षणभर थांबून ती रोज एवढेच म्हणत असे. काकू गेली, वाक्य माझ्यापाशी उरले, आणि मी ते घंटा कापलेल्या खोलीच्या दारावर टांगले. कात्रींनी फळ्यावर आकडा लिहिला: महिन्यात चार हजार लोक त्या ओळीवर टिचकी मारून आत शिरले होते. सर्वांनी माझी पाठ थोपटली. मला आपली पाठ धुवावीशी वाटली. धुतली मात्र नाही.

काका दीड वर्षापासून अंथरुणावर होते. त्यांना उचलून उचलून ताईची कंबर गेली, तेव्हा तिने जागा शोधायला घेतली. परवा सकाळी चहा पिताना तिने फोन माझ्यापुढे धरला.

“हे बघ. ‘रात्रीही हाक मारा, कोणीतरी असतेच.’ अगदी काकूच बोलतेय रे. मी कालच कळवून टाकलं. आज चारला गाडी येतेय.”

“पाहून आलीस?”

“या कमरेनं? आणि असं लिहिणारी माणसं वाईट नसतात.”

दुसऱ्याने चावून टाकलेला घास आपल्याच ताटात परत यावा, तशी ती ओळ माझ्यापुढे होती. बोलायचे ते तिथेच होते, आणि मी चपला घालून कामावर गेलो. ओळच बदलून टाकू, ताई चारच्या आत वाचेल, आपल्याला काही सांगावे लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

तिथे कात्री माझीच वाट पाहत होते. कोणीतरी ‘डॉक्टर कधी येतात’ असे शोधले होते, आणि यंत्राने माझे वर्णन बाजूला सारून पानाच्या तळाशी पडलेले एक वाक्य उचलून दाखवले होते: ‘डॉक्टर दर गुरुवारी दुपारी दोन तास.’

“बघ, यंत्रालासुद्धा तुझं पटेना,” कात्री हसत म्हणाले. “ते वाक्य पानावरून काढ. पानावर नसलं की आणेल कुठून?”

“ते खरं आहे, सर.”

“म्हणून तर काढायचं.”

त्या पानावर खरे म्हणावे असे तेवढेच एक वाक्य होते. मी खुर्चीवर बसलो आणि माझे वर्णन पुसून त्या जागी गुरुवार लिहिला. मग ताईने शोधले असेल तसेच शोधले. यादीत जुनीच ओळ. पुन्हा शोधले, तीच. यंत्र पानाकडे पुन्हा फिरकेपर्यंत आठवडासुद्धा जातो, हे नव्या मुलांना मीच शिकवतो. दीड वाजेपर्यंत मी काकूचे वाक्य कितीदा वाचले असेन कोण जाणे. शेवटी अक्षरांनाही तो खोलीतला वास येऊ लागला. तेव्हा मी उठलो आणि घरी आलो.

ताई पिशवीत काकांचे सदरे घालत होती.

“नको पाठवूस,” मी म्हणालो. “ती ओळ माझी आहे.”

“कुठली ओळ?”

मी सांगितले. घंटा, वायर, वास, गुरुवार. इतके सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती माझ्याकडे पाहत होती. ताटात केस निघाल्यावर पाहावे तसे.

“तू काय काम करतोस ते मला कधी कळलंच नव्हतं,” ती म्हणाली. मग तिने विचारले, “किती लोकांनी वाचलं?”

“चार हजार आत गेले. वाचलं त्याहून जास्त.”

तिने विचारले नसते तर बरे झाले असते. आकडा मला तोंडपाठ होता.

तिने गाडी नको म्हणून कळवले आणि सदरे एकेक करून बाहेर काढले. ते झाल्यावर कमरेला हात लावून खाली बसली. आतून काकांनी हाक मारली. चादर ओली झाली होती, ते दारातूनच कळत होते. ताई उठली नाही.

“जा,” ती म्हणाली. “हाक मारलीय. आता रात्रीचंही तूच बघायचंस.”

मी बाह्या वर केल्या आणि आत गेलो.