नुसतं आडनाव

हॅनोव्हरला मुलाकडे राहायला आल्यावर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर खांबेटे यांनी पहिल्याच आठवड्यात टपालपेटीवर पदवीसकट पाटी लावायला सांगितली.

"बाबा, इथे नुसतं आडनाव लावतात," पुष्कर म्हणाला. ते त्यांना चांगलंच झोंबलं. पुण्यात निदान वॉचमन तरी 'साहेब' म्हणायचा. इथे दिवस दिवस कुणी हाकसुद्धा मारत नसे.

खालच्या मजल्यावरचे म्हातारे लोरेंझ तेवढे आवारातल्या बाकावर सोबतीला असत. त्यांना इंग्रजी बरं समजायचं. दोन वर्षं खांबेट्यांनी त्यांना तेच ते ऐकवलं: हायकोर्टाच्या न्यायाधीशाला राष्ट्रपती सही-शिक्क्यानिशी नेमतात, राज्यपाल शपथ देतात, आणि मग नावाआधी 'न्यायमूर्ती' लागतं ते कायमचं. लोरेंझ जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, करत ऐकत. या बिचाऱ्याला काय कळणार, असं म्हणून खांबेटे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

मार्चमध्ये लोरेंझ गेले. पुष्करने पेपरातली निधनवार्ता वाचून दाखवली: जर्मनीच्या केंद्रीय न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश.

"यांनाही निवड समिती निवडते आणि राष्ट्रपतीच नेमतात, बाबा."

खांबेटे जिना उतरून खाली गेले. टपालपेटीवर अजून नुसतं 'लोरेंझ' होतं.

हायकोर्टात असताना एका आरोपीची जन्मठेप खांबेट्यांनी कायम केली होती. आपण चुकलो का, हे एखाद्या न्यायाधीशाला खासगीत विचारावं, असं वीस वर्षं मनात होतं. ओळखीच्यांत लाज वाटायची. ज्याला विचारता आलं असतं, तो दोन वर्षं शेजारीच बसून होता. खांबेट्यांनी त्याला बोलूच दिलं नव्हतं.