तयार डब्याची बाजू

आमच्या सोसायटीत कॉम्प्युटर विकत घेत नाहीत, चंदूला सांगतात. पंचवीस वर्षांचा रिवाज आहे. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवर आमच्या दोन विंग. छत्तीस बिऱ्हाडं. त्यातल्या निदान वीस घरांत चंद्रप्रकाश परबाने स्वतःच्या हाताने जोडलेला कॉम्प्युटर कधी ना कधी चाललेला आहे. लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग पारखून आणायचा, ज्याचं काम त्याच्याच हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरायचं आणि मांडी घालून बसायचं. चार तासांत पडदा उजळायचा. तोवर घरातल्यांनी पंखासुद्धा त्याला विचारून लावायचा.

कंपनीने जोडून, खोक्यात घालून पाठवलेल्या कॉम्प्युटरला तो 'तयार डबा' म्हणतो. कोणी तसा घेतो म्हटलं की विचारतो, "का रे, घरातली चूल विझली काय?"

मी तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. लोकांच्या वह्या तपासता तपासता माणसं तपासायची खोड लागली. चंदूच्या खात्यात जमेला पुष्कळ आहे. आमच्याकडून त्याने कधी मजुरी घेतली नाही, जेवायला मात्र थांबायचा, आणि भात तिसऱ्यांदा घ्यायचा. नावे टाकायला एकच गोष्ट, वादात हरणं त्याला ठाऊक नाही. पंचवीस वर्षांत मी त्याच्याशी रविवारी रविवारी भांडलो आणि प्रत्येक रविवारी हरलो. तरी पुढच्या रविवारी वाट बघायचो.

माझी मुलगी गंधाली घरून इंटिरियर डिझायनिंग करते. तिचा कॉम्प्युटर, अर्थात चंदूनेच जोडलेला, आठ वर्षांचा झाला. खोलीचं चित्र एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात खरी भिंत रंगवून व्हावी. तिने गेटवर चंदूला गाठलं आणि नवा जोडायचाय म्हणून सांगून टाकलं. "रविवारी येतो यादी घेऊन," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी वनमालावहिनी आल्या. चंदूची बायको. हातात रिकामी वाटी होती, साखर मागायला आल्याचा देखावा. या बाईने आजवर शेजाऱ्याकडे काडेपेटी मागितलेली नाही. गंधाली साइटवर गेली होती. तेही बघूनच आल्या असणार.

"भावजी, गंधालीचं काम ह्यांना देऊ नका."

मला हसू आलं. "का हो वहिनी? भात महागलाय म्हणून आम्ही जेवायला घालणार नाही, अशी भीती आहे काय?"

त्या हसल्या नाहीत. वाटी टेबलावर ठेवून खाली बसल्या.

चंदूचा उजवा हात गणपतीपासून खिशात असतो. आम्हाला त्याने सांगितलं होतं, खांदा आखडलाय. चंदूने सांगितलं म्हणून आम्ही मानलं. मीसुद्धा, जो किराणाच्या बिलावरची बेरीज पुन्हा करतो. वहिनी म्हणाल्या, खांद्याला काही झालेलं नाही. पार्किन्सन आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि आजार कमी होणार नाही हेही सांगितलं आहे.

"दिवाळीत बी विंगच्या श्रुतिकाचा जोडला ना," वहिनी म्हणाल्या, "तो त्यांनी आमच्या घरी आणून जोडला. म्हणाले, तिकडे जागा नाही."

"हो, आठवतं."

"जागा होती हो. लोक बघतील म्हणून. तो प्रोसेसर असतो ना चौकोनी, तो बसवताना हातातून सुटला. कोपऱ्यावर पडला. खाली बोर्डावर केसासारख्या बारीक पिना असतात, त्या वाकल्या. बोर्ड गेला. हे कोणाला न सांगता दुसरा घेऊन आले. परत बसले. हात नेला की थरथर, हात नेला की थरथर. सगळी संध्याकाळ. मग मला म्हणाले, तू बस."

"तुम्ही?"

"मी बसवला. हे मागे उभे राहून सांगत होते. कडेने धर, त्रिकोणावर त्रिकोण येऊ दे, दाबू नको, नुसता सोड. एका फटक्यात बसला, भावजी." त्यांनी स्वतःचे हात पदराखाली घेतले. "नसता बसला तर बरं झालं असतं. दोन दिवस बोलले नाहीत. माझ्या हाताकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. परवा गंधालीने सांगितल्यापासून पुन्हा रात्र रात्र यादी करतायत. ते नाही म्हणणार नाहीत. तुम्हीच म्हणा."

"मी त्याच्याशी सरळ बोलतो."

"नाही! मी सांगितलं हे कळलं तर संपलंच. सोसायटीला अजून वाटतं ना, चंदू आहे म्हणून? तेवढ्यावरच उठतात सकाळी. गंधालीलाही नका सांगू. शपथ आहे माझी."

जाताना वाटी विसरून गेल्या. मी तीत साखर भरून ठेवली, आणि मग परत डब्यात ओतली.

रविवारी चंदू दहाला आला. डाव्या हातात यादी. उजवा खिशात. गंधालीने चहा ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. म्हणजे दोघं एका बाजूला, मी एका.

"हां ऑडिटर," चंदू म्हणाला, "बघून घे. चांगला प्रोसेसर टाकलाय. ग्राफिक्सला हात आखडता घेतलेला नाही. पोरीचं पोट आहे त्यावर."

"आम्ही तयार घेतोय," मी म्हटलं.

गंधालीने मान वळवली. "कोण आम्ही?"

चंदू आनंदाने सरसावून बसला. त्याला वाटलं, रविवारचा वाद लागला. "बोल, बोल. तयार डब्याची बाजू मांड. बघू तरी."

मी रात्री इंटरनेटवरून तीन मुद्दे पाठ केले होते. म्हटलं, तयार मशीन कारखान्यात तपासून येतं.

"कोण तपासतो? चालू होतो की नाही एवढंच बघतात. मी रात्रभर चालवून, तापवून बघतो."

"भाग एकमेकांना जुळणारे असतात."

"जुळणारे? अरे मेल्या, अडकवणारे! त्यांचा बोर्ड वेगळ्या मापाचा, त्यांचा पॉवर सप्लाय वेगळ्या मापाचा. उद्या एक गेला की दुसऱ्या कोणाचा बसणार नाही. जाहिरातीत प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात, आणि मेमरीची एकच पट्टी घालून अर्ध्या वेगाने पळवतात. वर निळे दिवे."

"दिवे मला नकोतच," गंधाली म्हणाली. "काका बरोबर बोलतायत बाबा. तीन वर्षांनी मला वाढवायचा झाला तर?"

"वाढणारच नाही," चंदू म्हणाला. "डब्यात परत वाढत नाहीत."

तो खुलला होता. गणपतीनंतर मी त्याला असा बघितला नव्हता. प्रत्येक मुद्दा त्याचा बरोबर होता, आणि मी आपला त्याच्यापुढे एकेक ठेवत होतो. बाजारात तोलून मापून घेणारा कोणीही त्या दिवशी चंदूकडेच गेला असता. माझ्याकडे एक मुद्दा उरला होता.

"वॉरंटी," मी म्हटलं. "तयारची एकच वॉरंटी. बिघडला की एक फोन, माणूस घरी. सुट्या भागांची पाच दुकानं. कोण फिरणार पाच दुकानांत?"

"मी आहे ना."

इतकं सहज म्हणाला. डावा हात छातीवर ठेवून.

तयार डब्याच्या बाजूने जगात एकच पक्का मुद्दा होता, आणि तो मला बोलायचा नव्हता. गंधाली माझ्याकडे बघत होती. आता बाबा हरले, चहा आणू का, असा चेहरा. मी हरलो असतो तर तो उद्याच लॅमिंग्टन रोडला गेला असता.

"तेच नको आहे," मी म्हटलं.

"काय?"

"प्रत्येक वेळी तुझ्या दारात यायचं. तुझी सवड बघायची. वर तू मजुरी घेत नाहीस, म्हणजे ऐकून घ्यायचं. पुरे झालं चंदू. आता या वयात उपकार नकोत कोणाचे."

"बाबा!" गंधाली उठून उभी राहिली.

चंदूचा खिशातला हात कापत होता, कापडावरून दिसत होतं. माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, त्याच्या गावच्या बोलीत, जी तो फक्त घरात बोलतो, "तुका कोणी काय सांगितल्यान काय?"

"नाही रे. कोण काय सांगणार?"

"खरां?"

"खरं."

तीस वर्षांत मी खोट्या कागदावर सही केली नाही. ही पहिली.

तो उठला. यादी टेबलावरच राहिली. दारात गंधालीच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाला, "घे हां पोरी. चांगले असतात ते पण."

तयार डबा पुढच्या आठवड्यात आला. तिसऱ्या दिवशी त्याचा पंखा घरघरायला लागला. एक फोन केला. माणूस पाच दिवसांनी आला, उघडून बघितला, भाग मागवावा लागेल म्हणाला आणि गेला. गंधाली कानात हेडफोन घालून काम करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या नजरेत बाबांनी पंचवीस वर्षांच्या मित्राला कशासाठी घालवलं, तर एका फोन नंबरासाठी. दिसतं तसंच.

पंख्याचं चंदूला गंधालीकडून कळलं आणि त्याने सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या भाऊराव सेक्रेटरींनी मला जिन्यात अडवलं. "काय हो ऑडिटर, फसलात म्हणे?"

"फसलो."

"चंदूला विचारायचं नाही?"

"चुकलंच," मी म्हटलं. ते खूश झाले. ज्याला त्याला मी हेच सांगतो. पंखा जेवढा वाजतो त्याच्या दुप्पट सांगतो. चंदूचं नाव त्यामुळे पूर्वीपेक्षा वर गेलं आहे. मात्र दोन घरांनी त्याला काम विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, आता कंटाळा आला, लोकांना किंमत नाही. असं सांगता येण्यासारखं कारण त्याच्याकडे आहे. ते मी आहे.

रविवारी दहा वाजता मी पेपर वाचतो.

काल स्टेशनजवळ भाजी घेताना वनमालावहिनी भेटल्या. आधी दुसऱ्या हातगाडीकडे वळल्या, मग परत आल्या.

"परवा हसले," म्हणाल्या. "किती महिन्यांनी. माझा भाऊ आला होता, त्याला तुमच्या पंख्याची गोष्ट सांगत होते. नक्कल करून."

"नक्कल चांगली करतो तो."

"दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला लागले आणि मधेच थांबले." त्या मिरच्या निवडत होत्या, निवडलेल्या परत टाकत होत्या. "म्हणाले, पण तो असा नव्हता गो."

मी भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारला. मेथी माझ्या पिशवीत होती.